आचार्यांनी दाखवले, पण मला काही दिसले नाही

वाचकाचे पत्र

सविनय जय भीम. मी नागपूरला राहते, वय ४४, बँकेत नोकरी करते. माझ्या आजोबांनी १९५६ साली बाबासाहेबांसोबत धम्मदीक्षा घेतली आणि तेव्हापासून आमचे घर बौद्ध आहे. मी इगतपुरीला विपश्यनेची शिबिरे केली आहेत आणि रोज सकाळी ध्यानाला बसते. गेल्या हिवाळ्यात एका मैत्रिणीबरोबर बोधगयेला एका तिबेटी आचार्यांच्या शिबिराला गेले होते. शेवटच्या दिवशी ते म्हणाले की, आज चित्ताचा स्वभाव थेट दाखवतो. सर्वांना शांत बसवले, बऱ्याच वेळाने एकदम मोठ्याने एक अक्षर उच्चारले आणि मग हळूच म्हणाले, "हेच." माझ्या आजूबाजूची माणसे रडत होती. मी दचकले, क्षणभर काही सुचलेच नाही, आणि लगेच "मला मिळाले का" हा विचार आला. घरी आल्यापासून तो क्षण परत आणण्याचा प्रयत्न करते आहे, पण जमत नाही. तिथल्या एका ज्येष्ठ साधिकेने बजावले आहे की शंका घेतली तर मिळालेले वाया जाते, आणि याविषयी बाहेर कुणाशी बोलायचे नाही. पुढच्या शिबिराआधी आचार्यांची प्रत्येक कृती शुद्धच मानण्याचे वचन घ्यावे लागेल, असेही कळवले आहे. माझे वडील म्हणतात की हा बुद्धांचा धम्म नव्हेच, ही गुरुबाजी आहे. मला चित्ताच्या स्वभावाचा परिचय झाला की नाही? वडिलांचे म्हणणे खरे आहे का? आणि यासाठी विपश्यना सोडावी लागेल का?

(नाव प्रसिद्ध न करण्याच्या विनंतीवरून)

उत्तर

सविनय जय भीम.

तुमच्या पहिल्या प्रश्नाचे नेमके उत्तर मी देऊ शकत नाही, आणि केवळ पत्र वाचून ते देणारे कुणी भेटले तर त्या व्यक्तीपासून सावध राहा, असेच मी सांगेन. चित्ताच्या स्वभावाचा परिचय झाला की नाही, हे ज्यांनी तो करून दिला त्यांनीच समोर बसवून, विचारून, पुन्हा पाहायला लावून पारखायचे असते. तरीही तुमच्या पत्रातले एक वाक्य मी अनेकदा वाचले. क्षणभर काही सुचले नाही आणि लगेच "मला मिळाले का" हा विचार आला, असे तुम्ही लिहिता. तुमची सारी तळमळ त्या विचारापासून सुरू होते. त्याच्या आधीच्या क्षणाबद्दल मात्र तुम्ही पाच-सहा शब्दच लिहिले आहेत, कारण त्यात सांगण्यासारखे काही घडले नाही असे तुम्हाला वाटते. मला वाटते, तुमचा प्रश्न तिथेच अडला आहे.

तुम्ही ज्या प्रसंगात बसला होता, त्याची परंपरा जुनी आहे. तिबेटमधील न्यिंगमा संप्रदायाचे झोगछेन आणि काग्यू संप्रदायाची महामुद्रा या दोन्ही साधनामार्गांत आचार्याने शिष्याला त्याच्याच चित्ताचा स्वभाव दाखवून देणे हा केंद्रस्थानी असलेला विधी आहे. अनेक ठिकाणी तो चौथ्या अभिषेकाशी, म्हणजे तांत्रिक दीक्षाविधीच्या शेवटच्या टप्प्याशी, जोडलेला असतो, तर काही आचार्य तो कोणत्याही समारंभाशिवाय करतात. झोगछेनचे पहिले मानवी आचार्य मानल्या जाणाऱ्या गराब दोर्जे यांच्या नावाने तीन वचने सांगितली जातात. शिष्याला त्याच्या स्वरूपाचा थेट परिचय करून द्यावा, हे पहिले. शिष्याने त्या एकाच गोष्टीविषयी निःशंक व्हावे, हे दुसरे. विचार जसे उठतात तसेच आपोआप सुटतात या खात्रीवर पुढचे आयुष्य उभे राहावे, हे तिसरे. पूर्व तिबेटमधील पाट्रुल रिन्पोछे (१८०८–१८८७) यांनी या तीन वचनांवर एक छोटी पद्यरचना आणि तिच्यावरची टीका लिहिली, आणि तुम्ही ऐकलेल्या त्या अक्षराचा उल्लेख तिथे आहे. चित्त सैल सोडून बसावे आणि मग अचानक, जोराने व तुटकपणे "फट्" म्हणावे, म्हणजे विचारांची साखळी तुटते आणि मन थक्क होऊन उघडे पडते, अशी ती रीत आहे. आचार्य त्या उघड्या क्षणात शिष्याला म्हणतात की आता पाहा, विचार नाही, तरीही जाणणे आहे. हे जाणणे कुणी घडवलेले नाही, त्याला आकार नाही आणि ते कुठे सापडतही नाही, तरी ते लख्ख आहे. तिबेटी परंपरा त्याला "रिग्पा" म्हणते.

हे वाचल्यावर तुमच्या मनात साहजिकच येईल की माझे मनही क्षणभर थांबले होते, म्हणजे मला ते मिळाले. इथे फार जपून पाऊल टाकायला हवे. दचकणे ही शरीराची प्रतिक्रिया आहे, आणि नुसते मन कोरे पडणे हीही ती गोष्ट नव्हे. मिफाम रिन्पोछे (१८४६–१९१२) यांनी फारसे शास्त्राध्ययन न केलेल्या, खेड्यापाड्यांत राहणाऱ्या साधकांसाठी लिहिलेल्या एका छोट्या उपदेशात नेमका हाच मुद्दा घेतला आहे. ते सांगतात की काहीही विचार न करता बसले की बऱ्याचदा एक मंद, उदासीन, कशाचाच उलगडा न होणारी अवस्था येते आणि साधक तिलाच ध्यानाची सिद्धी समजून तिच्यात वर्षानुवर्षे बसून राहतो. त्यावर त्यांनी दिलेला उपाय असा की, "मी काही विचार करत नाही" हे ज्याला कळते आहे, त्याच्याकडेच वळून पाहावे. त्या क्षणी कोरेपणाला चिकटून न राहता, कोरेपणही ज्याला उमगते आहे ते जाणणे ओळखायचे असते. तुम्ही विपश्यनेत संवेदनांकडे तटस्थपणे पाहण्याचा अभ्यास केला आहे, त्यामुळे पाहण्याची दिशा बदलणे म्हणजे काय, हे इतरांपेक्षा तुम्हाला लवकर कळू शकेल. मात्र पाहण्याचा जो ताण त्या अभ्यासात कधीकधी साठतो, तो इथे सैल करावा लागतो.

त्या शिबिरातला तो क्षण आठवून पाहा. तो परत आणण्यासाठी नव्हे, केवळ तपासण्यासाठी. आवाज विरल्यानंतरची शांतता तुम्हाला ऐकू आली होती का? समोरची माणसे दिसत होती का? काही सुचत नसतानाही ते सारे कळत होते का? कळत होते असे वाटत असेल, तर त्यासाठी तुम्हाला काही करावे लागले होते का? याची उत्तरे होकारार्थी आली, तरी परिचय पूर्ण झाला असे मी म्हणणार नाही, कारण असा क्षण प्रत्येकाला रोज अनेकदा येतो. शिंक आल्यावर येतो, ठेच लागल्यावरही येतो. तो क्षण येणे आणि तो ओळखला जाणे यांत अंतर आहे, आणि आचार्यांचे सारे काम त्या ओळखण्यासाठी असते. तरीही तुम्ही जे निरुपयोगी म्हणून बाजूला टाकले आहे, त्यातच शोधायला हवे, एवढे मी खात्रीने सांगू शकतो.

पाट्रुल रिन्पोछे आणि त्यांचे शिष्य न्योशुल लुंगतोक यांची गोष्ट या बाबतीत मला सर्वांत बोलकी वाटते. झोगछेन मठाच्या वरच्या अंगाला, डोंगरातल्या एकांतस्थानी दोघे राहत होते. पाट्रुल रोज संध्याकाळी बाहेर अंथरूण टाकून आकाशाकडे पाहत साधना करीत. आपल्याला चित्ताचा स्वभाव अजून कळलेला नाही, असे लुंगतोक अनेकदा सांगत असत. एका संध्याकाळी गुरूंनी त्यांना बोलावले आणि विचारले, "तुला चित्ताचा स्वभाव कळत नाही असे तू म्हणतोस ना?" लुंगतोक हो म्हणाले. "त्यात न कळण्यासारखे काही नाही, इकडे ये", असे म्हणून गुरूंनी त्यांना शेजारी निजायला सांगितले. मग प्रश्न सुरू झाले. आकाशातले तारे दिसतात का? दिसतात. खाली मठात कुत्री भुंकत आहेत, ती ऐकू येतात का? येतात. मी तुझ्याशी बोलतो आहे, ते ऐकू येते का? येते. "तर झोगछेन म्हणजे हेच", एवढेच पाट्रुल म्हणाले, आणि लुंगतोक यांनी पुढे सांगितले की त्या क्षणी त्यांच्या सगळ्या शंका मिटल्या.

या गोष्टीचा एक चुकीचा बोध फार लोक घेतात, आणि तो तुम्ही घेऊ नये म्हणून थोडा थांबतो. तारे आणि कुत्र्यांचे भुंकणे तर सगळ्यांनाच कळते, म्हणजे सगळे मुक्तच आहेत, साधनेची गरज नाही, असा तो बोध असतो. लुंगतोक त्या संध्याकाळपर्यंत अनेक वर्षे गुरूंच्या सान्निध्यात राहिले होते, त्यांनी पूर्वसाधना केली होती, आणि मुख्य म्हणजे मला कळलेले नाही हे ते प्रामाणिकपणे सांगत राहिले होते. त्या तयारीमुळे गुरूंना गर्जनेची किंवा चमत्काराची गरज पडली नाही. साधे प्रश्न पुरले. स्वतः पाट्रुल यांना मात्र त्यांचे एक गुरू दो ख्येन्त्से येशे दोर्जे यांच्याकडून अगदी वेगळा अनुभव आला होता. त्यांनी पाट्रुल यांना केस धरून जमिनीवर ओढले, आणि "अरे म्हाताऱ्या कुत्र्या" अशी शिवी दिली. पाट्रुल यांनी पुढे तीच शिवी आपले गुप्त दीक्षानाम म्हणून आदराने मिरवली. गुरू तिलोपांनी आपले शिष्य नारोपा यांच्या कपाळावर चप्पल मारल्याची कथा तर भारतभूमीतलीच आहे. एकाला मार, एकाला शिवी, एकाला तारे. साधन शिष्याप्रमाणे बदलते. (या कथा सांगून आज कुणी आपल्या हिंसेचे समर्थन करू लागला, तर त्याला या कथांचा आधार मिळत नाही, हे इथेच नोंदवून ठेवतो.) तुमच्या शेजारी रडणाऱ्या माणसांना काय दिसले, हे तुम्हाला किंवा मला कळण्याचा मार्ग नाही. अश्रू श्रद्धेने येतात, थकव्याने येतात, शेजारचा रडतो म्हणूनही येतात. ते तुमचे मोजमाप नव्हे.

झोगछेनचे अलीकडचे एक मोठे आचार्य नामखाई नोर्बू (१९३८–२०१८) यांनी स्वतःविषयी जे सांगितले आहे, तेही तुमच्यासाठी महत्त्वाचे आहे. मठात उत्तम शिक्षण झालेले नोर्बू १९५५ साली चांगछुब दोर्जे यांच्याकडे गेले. हे आचार्य एका दूरच्या खेड्यात वैद्यकी करीत साधेपणाने राहत होते. नोर्बूंना विधिपूर्वक अभिषेक हवा होता, आणि त्यांनी हट्ट धरल्यावर गुरूंनी तो दिला, पण त्यांना असल्या विधींची सवय नसल्यामुळे सारा दिवस त्यात गेला. अभिषेक मिळाल्याच्या समाधानात नोर्बू उठू लागले, तेव्हा गुरूंनी त्यांना थांबवून सांगितले की तुला अजून काहीच मिळालेले नाही, आणि मग कोणताही ग्रंथ न उघडता, समोर बसवून, चित्ताचा स्वभाव समजावला. पुढे नोर्बू म्हणत असत की त्या दिवसापर्यंत आपण बौद्धिक माहितीच गोळा करीत होतो. मोठ्या मंडपात, शेकडो लोकांमध्ये, ठरलेल्या वेळी होणारा समारंभ म्हणजेच परिचय, असा समज झाला की त्या समारंभातून रिकाम्या हाताने परतलेल्याला आपण अपात्र आहोत असे वाटते. तुमच्या पत्रात मला ती खंत दिसते, आणि ती अनाठायी आहे.

काग्यू संप्रदायाच्या महामुद्रेच्या मार्गदर्शक ग्रंथांत, विशेषतः नववे कर्मापा वांगछुक दोर्जे (१५५६–१६०३) यांच्या परंपरेत, हा परिचय एका झटक्यात उरकण्याची गोष्ट नाही. शिष्याला आधी चित्त स्थिर करायला शिकवतात. मग त्याला पाहायला पाठवतात की चित्ताला रंग आहे का, आकार आहे का, ते शरीरात आहे की बाहेर, विचार कुठून उठतो, कुठे राहतो आणि कुठे जातो, थांबलेले चित्त आणि हललेले चित्त ही दोन आहेत की एक. शिष्य पाहून येतो आणि जे सापडले ते सांगतो. त्याने पुस्तकातले उत्तर दिले तर आचार्य त्याला परत पाठवतात, आणि त्याने "मला काही सापडले नाही" असे खरेपणाने सांगितले तर त्या न सापडण्यावर पुढचा प्रश्न विचारतात. हे अनेक दिवस, कधी अनेक महिने चालते. अशा मार्गात शंका हे काम पुढे नेणारे साधन असते.

म्हणून शंका घेतली की परिचय वाया जातो हे त्या ज्येष्ठ साधिकेचे म्हणणे मला मान्य नाही. गराब दोर्जे यांच्या दुसऱ्या वचनातला निःशंकपणा शंका दाबून मिळत नाही. शंका शेवटापर्यंत नेऊन, प्रत्यक्ष पाहून मिळतो. लुंगतोक यांनी "मला कळत नाही" असे सांगितले नसते, तर ती संध्याकाळ आलीच नसती. तिबेटमधला इतिहासही शंकेच्याच बाजूने आहे. काग्यू आचार्य गंपोपा (१०७९–११५३) यांनी काही शिष्यांना तांत्रिक अभिषेकाशिवायच महामुद्रेचा परिचय करून दिला, तेव्हा पुढच्या शतकात साक्य संप्रदायाचे साक्य पंडित (११८२–१२५१) यांनी अशा शिकवणीवर कडाडून टीका केली. अभिषेकाशिवाय आणि पुण्य व प्रज्ञेच्या संचयाशिवाय एकाच उपायाने सारे साधते असे सांगणे म्हणजे आठव्या शतकात तिबेटमधल्या साम्ये मठातील वादात ज्याचा प्रतिवाद झाला तोच, चिनी आचार्यांचा झटपट बोधाचा मार्ग नव्या नावाने आणणे होय, असा त्यांचा आक्षेप होता. काग्यू आचार्यांनी त्याला उत्तरे दिली, आणि तो वाद अनेक पिढ्या चालला. ज्या परंपरेतले श्रेष्ठ पंडित या विषयावर इतक्या मोकळेपणाने भांडले, तिच्या नावाने आज तुम्हाला "विचारू नकोस" असे सांगितले जाते, हे मला दुःखद वाटते.

आता तो क्षण परत आणण्याच्या प्रयत्नांविषयी. ते कृपया थांबवा. साधनेत सुख, स्पष्टता आणि निर्विचारता असे तीन प्रकारचे अनुभव येतात आणि तिन्ही जातात. परंपरेत एक वचन प्रसिद्ध आहे की बौद्धिक समज ठिगळासारखी असते, ती निघून जाते. अनुभव धुक्यासारखा असतो, तो विरतो. साक्षात्कार आकाशासारखा असतो, तो बदलत नाही. बोधगयेत तुम्हाला जे काही झाले, त्यातला जो भाग अनुभव होता तो परत येणार नाही, आणि यावा अशी इच्छा धरली तर ती इच्छाच तुमच्या ध्यानाचा विषय बनेल. त्याऐवजी एक साधी गोष्ट करा. तो क्षण कुठे गेला, असा विचार बसल्या जागी उठला की त्या विचाराकडेच पाहा. तो कुठून आला, आत्ता कुठे आहे, त्याला काही रंगरूप आहे का, हे एकदा पाहा आणि मग पाहणेही सोडून द्या. हे काही सेकंदच टिकेल. टिकवण्याचा प्रयत्न करू नका, मोडले की मोडू द्या. नेपाळमधल्या नागी गोंपात राहणारे तुलकु उर्ग्येन रिन्पोछे (१९२०–१९९६) आपल्या शिष्यांना हेच परत परत सांगत असत की क्षण छोटे असावेत आणि पुष्कळदा यावेत. दिवसातून एकदा तासभर धडपडण्यापेक्षा हे अधिक उपयोगी पडते, आणि बँकेच्या खिडकीमागे बसूनही करता येते. पुढे कधी पारख करावीशी वाटली, तर ती ध्यानातल्या शांततेवरून करू नका. घरात कुणी टाकून बोलले आणि राग आला, तेव्हा तो राग ओळखताच सैल पडतो की पूर्वीसारखाच तासन्‌तास धुमसत राहतो, हे पाहा. हा बदल हळू येतो आणि बऱ्याचदा आपल्याआधी घरच्यांच्या लक्षात येतो.

तुमच्या वडिलांचे म्हणणे मी आदराने वाचले. ज्या घराने १९५६ साली गुरुबाजीचे आणि कर्मकांडाचे ओझे विचारपूर्वक उतरवले, त्या घरातल्या वडिलांना मुलीच्या बाबतीत ही काळजी वाटणे अगदी योग्य आहे. त्यांना मनवण्याचा प्रयत्न न करता त्यांच्या आक्षेपातले काय बरोबर आहे ते आधी मान्य करा. झोगछेन आणि महामुद्रा यांची मांडणी पालि त्रिपिटकात या रूपात नाही; ती पुढच्या शतकांत भारतातील सिद्धांच्या परंपरेतून आणि तिबेटमध्ये आकाराला आली. अंगुत्तर निकायात "पभस्सरमिदं भिक्खवे चित्तं", म्हणजे हे चित्त प्रभास्वर आहे आणि ते बाहेरून आलेल्या मलांनी मलिन होते, असे बुद्धवचन आहे, आणि महायानी आचार्य त्याचा आधार घेतात. पण थेरवादी अट्ठकथा, म्हणजे पालि टीका, त्याचा अर्थ भवंग चित्त, म्हणजे विचार चालू नसतानाही आत वाहत राहणारे चित्त, असा लावते आणि तिथून रिग्पाच्या सिद्धान्तापर्यंत जात नाही. हा फरक लपवू नये.

मात्र थोड्या शब्दांत, समोरासमोर, थेट दाखवणे हे बुद्धांच्या शिकवणीला परके आहे, असे वडिलांना वाटत असेल तर त्यांच्याबरोबर बसून त्रिपिटकातल्या उदान या ग्रंथातले बाहिय सुत्त वाचा. बाहिय दारुचीरिय हा सुप्पारकचा, म्हणजे आपल्या आजच्या पालघर जिल्ह्यातल्या नालासोपाऱ्याजवळच्या सोपाऱ्याचा. याच सोपाऱ्यात भगवानलाल इंद्रजी यांनी १८८२ साली स्तूप उत्खनित केला. लोक बाहियला अर्हत समजून मान देत होते, आणि आपण खरोखर अर्हत आहोत का, ही शंका त्याच्या मनात आली. तू अर्हत नाहीस, पण श्रावस्तीला एक खरा अर्हत आहे, असे त्याला एका हितचिंतक देवतेने सांगितले, आणि तो कोकणच्या किनाऱ्यावरून थेट तिकडे निघाला. बुद्ध भिक्षेला निघालेले असताना त्याने वाटेतच त्यांना गाठले. ही वेळ नव्हे, असे बुद्धांनी दोनदा सांगितले, जीविताचा भरवसा नाही म्हणून त्याने तिसऱ्यांदा विनवले, तेव्हा रस्त्यातच त्याला उपदेश मिळाला: "दिट्ठे दिट्ठमत्तं भविस्सति, सुते सुतमत्तं भविस्सति." पाहिलेल्यात केवळ पाहिलेले असेल, ऐकलेल्यात केवळ ऐकलेले असेल, आणि जाणलेल्यात केवळ जाणलेले. तेवढ्याने तो मुक्त झाला, आणि जलद ज्ञान पावणाऱ्या शिष्यांत बुद्धांनी त्याला अग्रस्थान दिले. तिथे वचन नव्हते, बंधन नव्हते, समारंभ नव्हता. आणि ज्याने स्वतःच्या मोठेपणावर शंका घेतली, त्यालाच ते मिळाले. बाहियची गोष्ट म्हणजे झोगछेनच, असे मी म्हणत नाही. दोन परंपरा आपापल्या जागी राहोत. पण लुंगतोक यांचे तारे आणि बाहियचे "दिट्ठमत्तं" शेजारी ठेवून वाचले की वडिलांना तुमची ओढ कशाची आहे हे निश्चित कळेल.

गुरूच्या भूमिकेबाबत धम्मपदातले "तुम्हेहि किच्चमातप्पं, अक्खातारो तथागता", म्हणजे प्रयत्न तुम्हीच करायचा आहे, तथागत केवळ सांगणारे आहेत, हे वचन तुमच्या घरात सर्वांना ठाऊक असेल. बुद्ध मार्गदाता आहेत, मोक्षदाता नाहीत, हा भेद बाबासाहेबांनी "बुद्ध आणि त्यांचा धम्म" या ग्रंथात ठळकपणे मांडला आहे. परिचय करून देणारा आचार्यही त्याच मर्यादेत बसतो, कारण जे तुमचेच आहे ते तो तुम्हाला देऊ शकत नाही, केवळ दाखवू शकतो. तिबेटी परंपरेत गुरुभक्तीची भाषा याच्या पुष्कळ पुढे जाते, आणि तिथे तुमचे व वडिलांचे मतभेद राहतील; राहू द्यावेत.

त्या वचनाबाबत माझे मत स्पष्ट आहे. ते आत्ता घेऊ नका. वज्रयानात, म्हणजे बौद्ध धर्माच्या तांत्रिक मार्गात, गुरू आणि शिष्य यांच्यात समय नावाचे बंधन असते हे खरे आहे, पण त्याच परंपरेने ते स्वीकारण्याआधी दोघांनी एकमेकांना दीर्घकाळ पारखावे असे सांगितले आहे, आणि त्यासाठी बारा वर्षांपर्यंतची मुदत सांगितली जाते. मज्झिम निकायातल्या वीमंसक सुत्तात तर खुद्द तथागतालाही शिष्याने डोळ्यांनी आणि कानांनी तपासावे, असा उपदेश आहे. एका शिबिरानंतर प्रत्येक कृती शुद्धच मानण्याचे वचन मागणे हा त्या पारखीला दिलेला फाटा आहे. शिबिराला उपस्थित राहिल्याने असे बंधन आपोआप लागू होते, अशी भीतीही बाळगू नका. समजून-उमजून न स्वीकारलेले वचन माझ्या मते वचनच नव्हे. मिळालेला उपदेश गप्पांचा विषय करू नये, ही गुप्ततेची रास्त मर्यादा आहे. पैसा, वागणूक, दबाव, स्त्रियांशी असलेले वर्तन या गोष्टी त्या मर्यादेत येत नाहीत. १९९३ साली धर्मशाळेत पाश्चात्त्य बौद्ध शिक्षकांबरोबर झालेल्या बैठकीत दलाई लामांनी स्वतःच सांगितले होते की आचार्याचे वर्तन अनैतिक असेल आणि समजावूनही सुधारत नसेल, तर ते उघडपणे मांडावे. तुमच्या आचार्यांविषयी तुम्ही काहीही वावगे लिहिलेले नाही, आणि वचनाची ही अट त्यांची स्वतःची आहे की भोवतालच्या मंडळींची, हेही पत्रावरून कळत नाही. म्हणूनच त्यांना प्रत्यक्ष भेटणे गरजेचे आहे.

भेटाल तेव्हा मधल्या साधकांना टाळून एकांतात वेळ मागा, आणि दुभाषा लागत असेल तर तो आधी ठरवा. काय घडले ते जसेच्या तसे सांगा: दचकले, काही सुचले नाही, मग "मला मिळाले का" असे वाटले, आणि घरी परत काही जमले नाही. "शांती वाटली", "प्रकाश दिसला" असे त्यांना बरे वाटेल म्हणून काही जोडू नका. मग त्यांना विचारा की त्या न सुचण्यात कळणे होते की नव्हते, हे मी कसे तपासू? वचनाविषयीही सरळ विचारा. जे आचार्य तुमचे पहिले वाक्य ऐकून तुम्हाला आणखी प्रश्न विचारतील, पुन्हा पाहायला लावतील आणि वचनाची घाई करणार नाहीत, त्यांच्याकडे जात राहा. तुमची शंका हाच तुमचा दोष आहे असे सांगून ते तुम्हाला पुढच्या शिबिराच्या नोंदणीकडे वळवतील, तर तिथे थांबा.

विपश्यना सोडण्याची गरज नाही. इगतपुरीच्या किंवा त्या परंपरेच्या इतर केंद्रांच्या शिबिरात असताना दुसरी कोणतीही पद्धत मिसळू नये, असा तिथला नियम आहे आणि तो मनापासून पाळावा; तिथे दहा दिवस फक्त आनापान (श्वासाकडे पाहणे) आणि विपश्यनाच करा. घरी मात्र सकाळची बैठक नेहमीप्रमाणे पूर्ण करा, आणि ती संपल्यावर उठण्याआधी दोन-तीन मिनिटे, पद्धतही बाजूला ठेवून, जे दिसते आणि ऐकू येते आहे ते तसेच राहू द्या. दोन्ही साधना एकाच बैठकीत कालवू नका, कारण मग कशाने काय झाले हे तुम्हालाही कळणार नाही आणि तुमच्या कोणत्याच आचार्यांना सांगता येणार नाही. सहा-आठ महिन्यांनी या दोहोंपैकी एकच मुख्य साधना म्हणून धरावी असे वाटू लागेल. तो निर्णय तेव्हा घ्या, आणि त्या वेळी मला पुन्हा लिहावेसे वाटले तर अवश्य लिहा.